ओली भट्टी

पावाची भट्टी अंगणात बांधायची असेल तर तुळशीचं लग्न उरकू द्यावं. त्याआधी विटेला हात लावू नये. यात मुहूर्त-बिहूर्त काही नाही, हवेचा मामला आहे. चिंचणीसारख्या, खाडी आणि समुद्र दोन्ही शेजारी असलेल्या गावात पाऊस थांबला तरी ऑक्टोबरभर भिंतींतली ओल उतरत नाही. बरणीतलं मीठ पाझरत राहतं, पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ. कार्तिक सरता सरता कोरडा वारा लागतो आणि तिथून होळीपर्यंत जे तीन-चार महिने मिळतात, तेच भट्टीचे.

या पुस्तिकेत पुढे मापं आहेत, आकृत्या आहेत, सामानाची यादी आहे. ती हातात दिली तर कोणीही बरा गवंडी आठवड्याच्या आत घुमट उभा करून देईल. तरीही प्रस्तावना लांबवतो आहे, कारण घुमट उभा राहिला की भट्टी झाली असं समजून लगेचच्या रविवारी पाहुणे बोलावणारे आणि आत ढणढणा जाळ करणारे लोक वारंवार भेटतात. संध्याकाळपर्यंत घुमटाला वरपासून खालपर्यंत भेग जाते, आतल्या विटांचे टवके उडतात, आणि खापर विटेवर नाहीतर गवंड्यावर फुटतं. खरा दोष बहुतेक वेळा भट्टीत राहून गेलेल्या पाण्याचा असतो. भट्टी बांधण्याइतकंच, आणि समुद्रकाठी त्याहून जास्त, काम तिला सुकवण्याचं आहे. पुस्तिकेचा निम्मा मजकूर त्यावरच खर्ची पडला आहे.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडची नऊ-चार-तीन इंची वीट अडीच ते तीन किलो भरते. भारतीय मानकानुसार साध्या विटेने पाण्यात २४ तास राहून आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. बरी वीटसुद्धा पंधराएक टक्के पितेच. म्हणजे विटेमागे चारशे-साडेचारशे मिलिलिटर. आतून ३२ इंच व्यासाच्या घरगुती भट्टीला तळ, घुमट आणि तोंडाची कमान धरून सव्वाशे ते दीडशे विटा लागतात. त्या भिजवूनच लावाव्या लागतात, कारण कोरडी वीट सांध्यातल्या गाऱ्याचं पाणी क्षणात ओढून घेते आणि सांधा धरत नाही. घुमट पुरा झाला त्या संध्याकाळी त्याच्या अंगात गाऱ्यासकट चार-पाच हंडे पाणी असतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. विटेच्या बारीक छिद्रांतून सावकाश निघाली तर कोणाला कळतही नाही. घाई केली तर ती वाट फोडून काढते.

मराठी घरात भट्टी नव्हतीच, असं म्हणतात ते अर्धंच खरं. घुमटाची भट्टी नव्हती, पण खालून-वरून धग देऊन भाजायची युक्ती होती. कोकणात काकडीचं धोंडस पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून भाजतात. आपल्या केळवे-माहीम ते डहाणू पट्ट्यात थंडीत उकडहंडी लागते: मडक्यात वालपापडी, कंद, रताळी, ओवा, तोंडाशी पाल्याचा बोळा, मग मडकं उपडं आणि भोवती पेटता पालापाचोळा नि गोवऱ्या. पाणी घालायचं नसतं. भाज्या आपल्याच ओलीवर शिजतात. रायगडात तीच पोपटी. आणि दिवाळीच्या आठवड्यात घरचं तूप-पीठ-साखर घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या पत्र्यांवर नानकटाई लावायची आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं, हे तर तालुक्याच्या गावांतून आताआतापर्यंत चालायचं. भट्टी दुसऱ्याची, पीठ आपलं.

नानकटाईचं माहेर सुरत, डहाणूहून रेल्वेने सरळ वर. तिथल्या डचांकडची पावाची भट्टी फरामजी पेस्तनजी दोतीवाला यांच्याकडे आली आणि १८६१ पासून त्यांची बेकरी सुरू झाली, अशी त्या घराण्याची कथा आहे. पीठ फुगवायला ताडी वापरत. उरलेले पाव सुकून कडक झाले, लोक तेच मागायला लागले, आणि त्यातून सुरती बतासा निघाला, असंही सांगतात. कथा थोडी जास्तच गोड आहे, पण ताडीचा भाग पटण्यासारखा. पारशांच्या भाखऱ्यातही ताडीच असते, आणि ताडी ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको.

इथे एक आडवळण घेतो. १९५५ मध्ये चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसऱ्याच्या काळातला. संजाण मंडळावर तेव्हा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी अंमल करत होता. त्याच्या अमदानीत प्रवाहांवर फुकट होडी आणि संजाणला एक अन्नसत्र सुरू झाल्याची नोंद त्यात आहे. सत्रात काय मिळायचं तेही लिहिलं आहे: साळीचा भात, कालवण आणि तूप. पश्चिमेकडच्या माणसाची सत्ता असूनही पानात भातच. हजार वर्षं झाली, आपलं पान अजून फारसं बदललेलं नाही. त्यामुळे घरी भट्टी लावतो आहे म्हटल्यावर शेजाऱ्यांना आधी हातभट्टीच वाटते, आणि एखादा विनोदी माणूस खाडीपलीकडे तारापूरकडे बोट दाखवतो, जिथे १९६९ साली अणुभट्टी सुरू झाली.

विटांचा हंगामही दिवाळीनंतरच लागतो आणि पहिली गोची तिथेच होते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरीच्या पाड्यांवरची वारली आणि कातकरी कुटुंबं उचल घेऊन वाडा, भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात ती दिवाळी झाल्यावर. मग माती, तूस, राख कालवून गारा होतो, विटा थापल्या जातात, वाळतात, भट्टी रचली जाते आणि ती कित्येक दिवस धुमसते. नवी वीट हातात यायला जानेवारी उजाडतो. नोव्हेंबरात मिळते ती गेल्या हंगामातली, एक अख्खा पावसाळा उघड्यावर काढलेली. ती वाईटच असते असं नाही. मात्र जमिनीला टेकलेल्या थरांनी खालचा क्षार ओढलेला असतो आणि सुकल्यावर त्यावर पांढरी भुकटी येते. हा लोणा. लोणा धरलेली वीट कितीही धुतली तरी पुन्हा पांढरी होते आणि हवेतली ओल ओढत राहते. ती कुंपणाच्या भिंतीला द्यावी.

वाड्याकडच्या एका भट्टीवर विटा निवडून द्यायची विनंती मी तिथल्याच एका कातकरी बाईंना केली होती. त्यांनी दोन हातांत दोन विटा घेतल्या आणि एकमेकींवर हलकेच आपटल्या. खणखणीत वाजली ती उजवीकडे, भद्द वाजली ती डावीकडे. ढीग झाल्यावर उजवीकडच्यांतून पुन्हा काही बाजूला काढल्या. त्या का, म्हणून विचारलं तर एकीवर ओंजळीतलं पाणी टाकलं. पाणी वरच राहिलं, कडेने ओघळलं, आत शिरेना. खंगर, जास्त भाजून काचेसारखी झालेली. पायात घालायला ती उत्तम, पण गारा तिला चिकटत नाही आणि पुन्हापुन्हा तापली-निवली की तडकते. "मधल्या थरातली घ्या, कडेची नको," एवढंच बाई बोलल्या. कडेच्या विटांना धग कमी मिळते, त्या पिवळट आणि कच्च्या राहतात. पुस्तिकेत वीट पारखण्याचं जे पान आहे ते त्या अर्ध्या तासाचं टिपण आहे.

अशा भट्ट्यांवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने जागेवरच भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर हंगामापुरती उभी केलेली खोपटी, आणि शाळाही तशाच खोपटीत. पाव भाजायच्या पुस्तिकेत हे कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या दीडशे विटांचं बिल आणि त्या थापायची मजुरी एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहावी.

विटांबद्दल आणखी एक. डहाणूचं औष्णिक केंद्र जवळ असल्याने राखेच्या विटा इथे सहज मिळतात. अशा केंद्रांच्या परिसरात विटांसाठी राख वापरण्याचा नियम १९९९ पासून आहे. मातीत राख मिसळून भाजलेली वीट भट्टीला चालते. राख आणि सिमेंटची, न भाजता पाणी मारून पक्की केलेली करडी वीट चालत नाही. सिमेंट चारशे-पाचशे अंशांत आपली पकड सोडतं, आणि पाव भाजायच्या भट्टीचा घुमट आतून तेवढा सहज तापतो. सांध्यातही म्हणून सिमेंट नको. वारुळाची माती घ्या, नाहीतर कुंभाराकडची. वारूळ रिकामं आहे ना, याची खात्री करूनच फावडं मारा. एक घमेलं माती आणि तीन घमेली वाळू इथून सुरुवात करा. थापीवरचा गारा उलटा केला तरी क्षणभर धरून राहिला पाहिजे. खाजणातली माती चिकट आणि देखणी दिसते, पण ती मिठाने भरलेली असते.

किनाऱ्यावरच्या वाळूचंही तेच, आणि तिथे वाळू उपसायला बंदी आहे हे वेगळंच. शिवाय त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. आपल्याकडे शिंपले भाजून चुना करत, ते आठवा: आठशे-नऊशे अंशांत शिंपल्याचा कळीचा चुना होतो आणि पाणी मिळालं की तो फुगतो. जाळाला लागून असलेल्या सांध्यात असा एखादा कण भाजला गेला तर तो पुढच्या पावसाळ्यात हवेतली ओल घेऊन फुगतो आणि बोटाएवढा टवका पाडतो. नदीची वाळू धुऊन घ्या.

घुमटाच्या मापांत एकच माप पाळायलाच हवं. तोंडाची उंची ही आतल्या घुमटाच्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के. घुमट १६ इंच तर तोंड १० इंच. तोंड याहून उंच ठेवलं तर धग बाहेर पळते, ठेंगणं ठेवलं तर हवा आत पुरत नाही आणि जाळ कोंडतो. बाकी सगळं थोडंफार इकडे-तिकडे चालतं. तोंड पूर्वेला ठेवा, पाठ समुद्राकडे. दुपारनंतरचा वारा समुद्राकडून येतो आणि तो तोंडात शिरला तर धूर तुमच्याच डोळ्यांत. तळाखाली चार इंच तुसाच्या राखेचा थर घाला. भाताचं तूस जाळलं की वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी राख उरते, तिच्यात बहुतेक सिलिका असते आणि ती धग खाली जाऊ देत नाही. शहरातले लोक यासाठी महागड्या पोत्यांत परलाइट आणतात. वाड्याच्या कोलम तांदळाच्या मुलखात राहून राख विकत घ्यायची पाळी येऊ नये.

इथे बांधणाऱ्याला एक काळजी जास्तीची आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता आणि अनेक घरांना तडे गेले. घुमट हा आकार स्वतः बराच टिकाऊ, पण त्याचा पाय बाहेर सरकला तर सगळंच बसतं. म्हणून तळाच्या थराभोवती लोखंडी पट्टीचं कडं घालायचं, आणि विटांचं उंच धुराडं बांधायचंच नाही. धुराड्याला पत्र्याचा पाइप पुरे. धक्क्यात पहिलं पडतं ते धुराडं, आणि ते पडतं भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसावर.

आता सुकवणं. गवंड्याची सवय अशी की काम झालं की दुसऱ्या सकाळी तो नळी घेऊन पाणी मारायला हजर. सिमेंटच्या कामाला ते हवंच. मातीच्या गाऱ्याच्या घुमटावर पाणी मारलं की आदल्या दिवसाचं वाळणं वाया. त्याला प्रेमाने चहा पाजून परत पाठवा. घुमट सावलीत, वाऱ्यावर, तोंड उघडं ठेवून दोन आठवडे तसाच राहू द्या. आत वाळूचा ढीग रचून त्यावर घुमट बांधला असेल तर ती वाळू चौथ्या-पाचव्या दिवशी काढा. ती आतून ओल धरून बसते. थेट उन्हात वाळवू नका. बाहेरचं कवच आधी सुकून आवळतं, आत ओल अडकते आणि पृष्ठभागावर जाळी पडते.

मग विस्तव. पहिले दोन दिवस घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे घेऊन ते तळाच्या मधोमध ठेवायचे, बस. गोवरी जळत नाही, धुमसते, आणि इथे तेच हवं. आतलं तापमान १०० अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. करवंट्या या दिवसांत भट्टीजवळही आणू नका. त्या भडकतात आणि पाच मिनिटांत सगळा हिशेब मोडतात. तिसऱ्या दिवसापासून बारीक काटक्यांचा जाळ, रोज साधारण ५० अंश चढता, प्रत्येक वेळी पाच-सहा तास. जाळ संपला की तोंड अर्धवट झाकून भट्टी आपोआप निवू द्यायची. तापमान मोजायचं यंत्र हल्ली हजार-दीड हजारात मिळतं, घ्या जरूर. पण ओल मोजायला एक स्टीलचं ताट पुरतं. थंड, कोरडं ताट तोंडाच्या वरच्या कडेशी, धगीच्या वाटेत, पाच आकडे मोजेपर्यंत धरा. ताटावर दव धरलं, थेंब जमून ओघळले, तर उद्याही आजचाच जाळ, चढवायचं नाही. नुसती वाफेची झाक येऊन लगेच उडाली तर एक पायरी चढा. ताट कोरडंच राहिलं की २०० अंशांच्या पुढे जायला हरकत नाही. हा पडताळा गावातल्या पाववाल्यांना सांगितला तेव्हा ते हसले. ते नुसता तोंडाशी हात धरून सांगतात. आपल्याला तो हात यायला वर्षं लागतील, तोवर ताट बरं.

फार दमट दिवस आला, धुकं पडलं, किंवा अवकाळी पावसाने गाठलं, तर त्या दिवशी मागच्या पायरीवर उतरायचं. लोकांना हे जड जातं. आठवडा म्हणून ठरवलेलं काम पंधरा दिवस चालतं आणि घरातली माणसं विचारायला लागतात की पाव कधी. सांगून टाका, नाताळला. नाताळ हुकला तर संक्रांतीला.

भेगांना घाबरू नका. मीटरभर विटकाम ४०० अंशांनी तापलं की दोन-अडीच मिलिमीटर वाढतं, आणि निवलं की परत आकसतं. केसासारख्या भेगा येणारच. त्या तापल्यावर उघडतात, निवल्यावर मिटतात. नाण्याची कड जाईल एवढी भेग पडली आणि निवल्यावरही तशीच राहिली तर पातळ गारा भरून पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. भट्टी खरी तयार झाली हे कळायची खूण आतच दिसते: सुरुवातीचे सगळे दिवस घुमट काजळीने काळा असतो, आणि साडेतीनशे-चारशे अंश ओलांडले की काजळी जळून माथ्यापासून खाली वीट पुन्हा लाल-पांढरी उघडी पडत येते. तोवर पीठ मळू नये.

जळणाबद्दल दोन शब्द स्पष्ट लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. दाटीच्या वस्तीत रोज पेटणाऱ्या भट्टीबद्दल ते योग्यच होतं. डहाणू तालुका तर २० जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. आठवड्यातून एकदा पेटणाऱ्या घरगुती भट्टीने आभाळ कोसळत नाही, पण ओल्या लाकडाच्या धुराने शेजारणीचं वाळवण काळं करायचा हक्कही आपल्याला कोणी दिलेला नाही. चिकूच्या वाड्यांत छाटणीचं लाकूड निघतं, सुरूच्या वाळक्या फांद्या मिळतात; वर्षभर आडोशाला सुकवलेलं लाकूड जवळजवळ बिनधुराचं जळतं. तिवराला हात लावायचा नाही. कांदळवन तोडायला २००५ पासून न्यायालयाची मनाई आहे, आणि खाडीकाठच्या माणसाला ते का ठेवायचं हे न्यायालयाने सांगायची गरज नसावी.

एकदा तापलेली भट्टी निवायला पुरा दिवस घेते, तेव्हा तिच्या कामांचा क्रम लावून ठेवा. निखारे ओढून, ओल्या गोणपाटाने तळ पुसून, चिमूटभर पीठ टाकून पाहायचं: झटकन काळं पडलं तर थांबा, सावकाश बदामी झालं तर पाव आत. मग नानकटाई, मग मडक्यात झाकून वालपापडी नि रताळी, आणि रात्री उरलेल्या कोमट धगीत चिकूच्या फोडी सुकायला. त्या सकाळी चामट आणि काळसर होऊन निघतात, दिसायला वाईट आणि खायला फार चांगल्या.

भट्टीवर कौलांचं किंवा पत्र्याचं छप्पर हवंच, पण छपराने ओल थांबत नाही. जून ते सप्टेंबर ती विटेत परत शिरते. म्हणून दर वर्षी दसरा झाला की गोवऱ्यांचं घमेलं, ताट आणि चढत्या पायऱ्या हे सगळं पुन्हा, मात्र या वेळी तीन-चार दिवसांत आटोपतं. जिने मे महिन्यात बिनतक्रार पाव दिले, ती भट्टी ऑक्टोबरात एकदम पेटवली तर पहिल्या वर्षासारखीच फुटते.

पुढच्या पानांतली सगळी मापं आतली आहेत. विटेची जाडी, बाहेरचा गिलावा आणि राखेचा थर त्यांत धरलेला नाही. चौथरा आखताना चारी बाजूंनी किमान नऊ इंच सोडा, आणि गवंड्याला हे खडू हातात घेण्याआधी सांगा.